वळणावरचा खोकला

कार्ब्युरेटर म्हणजे काय, हे मी तुम्हाला दोन मिनिटांत समजावून सांगतो. आमच्या घरी हे वाक्य उच्चारलं की माणसं उठून जातात. पण तुम्ही बसा.

कार्ब्युरेटर म्हणजे जुन्या मोटारसायकलच्या पोटाशी बसवलेली मुठीएवढी धातूची डबी. तिच्यात एका बाजूने हवा येते, दुसरीकडून पेट्रोल. दोन्ही मिसळून इंजिनात जातात आणि पेटतात. पेट्रोल किती जायचं हे ठरवतो जेट. जेट म्हणजे पितळेचा चिमुकला स्क्रू, त्याला आरपार भोक. भोक मोठं असलं की पेट्रोल जास्त जातं आणि गाडी काळा धूर ओकते. भोक लहान असलं की पेट्रोल कमी पडतं आणि गाडी अडखळते, खोकते. थोडक्यात, सगळा मामला भोकाच्या मापाचा. आणि माप या विषयात, अगदी नम्रपणे सांगतो, माझा हात धरणारा माणूस या शहरात नाही.

मी वजनमापे निरीक्षक आहे. बाजारात जायचं, दुकानदारांचे तराजू तपासायचे, वजनं पारखायची, ज्याचं माप खोटं असेल त्याच्यावर खटला भरायचा, हे माझं काम. गेल्या सहा वर्षांत माझ्या हद्दीत एकही खोटा तराजू सापडलेला नाही. त्याआधी सापडायचे, भरपूर सापडायचे. पण माझं नाव होत गेलं तसा बाजार सुधारत गेला. साहेबांनी त्याबद्दल मला प्रशस्तिपत्रक दिलंय. ते मी दिवाणखान्यात लावलंय, आणि वाकडं होऊ नये म्हणून दर रविवारी पाणसळ लावून तपासतो.

असा हा मी. पण लग्नाला अठरा वर्षं झाली तरी अप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मला एकदाही 'छान' म्हटलेलं नव्हतं. रागावलेही नव्हते. ते फक्त 'हं' म्हणतात. मला बढती मिळाली, हं. मी घर बांधलं, तर सगळ्या खोल्यांतून फिरून आले, खिडक्या उघडून पाहिल्या, आणि हं. माझ्या साडूने एकदा त्यांचा रेडिओ दुरुस्त करून दिला, तेव्हा ते 'बरं झालं' म्हणाले होते. तो माणूस ते अजून सांगतो.

अप्पा तीस वर्षं एका मोठ्या वसतिगृहाचे रेक्टर होते. दीडशे मुलं, आणि आवारातच रेक्टरचं घर. माझी बायको त्याच घरात वाढली. "अप्पांचा दरारा असा होता," ती सांगते, "की तीस वर्षांत त्यांना एकही मुलगा गैर वागताना सापडला नाही. ते नुसते वळणावर आले तरी सगळं आवार अभ्यासाला बसायचं."

सहा वर्षांपूर्वी अप्पांनी आपली मोटारसायकल मला दिली. काळी, भक्कम, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. देताना म्हणाले, "चेन बघा, तेल बघा, हवा बघा. कार्ब्युरेटरला मात्र हात लावू नका."

हे मला लागलं. मापाचा माणूस मी, आणि मलाच हात लावू नका? त्यातून गाडीला एक जुनाट दुखणं होतं. सरळ रस्त्यावर ती गुणी मुलीसारखी चालायची. पण वळण घेताना मूठ सोडली आणि वळणानंतर पुन्हा पिळली, की खॉक्, खॉक्, फट्ट! झाडावरचे कावळे उडायचे. सहा वर्षं मी हे ऐकून घेतलं.

मग एक दिवस अप्पांचा फोन आला. "पुढच्या महिन्यात पंचाहत्तर पूर्ण होतात. तो दिवस तुमच्याकडे काढीन म्हणतो. गाडीवर एक फेरी मारायची आहे."

बायकोने डोळे वटारले, पण कोपऱ्यापर्यंत जाऊन यायची परवानगी दिली. आणि माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं. अप्पा गाडीवर बसणार, कोपऱ्यावर वळणार, मूठ पिळणार, आणि गाडी खोकणार नाही! अप्पा परत येणार, खाली उतरणार आणि म्हणणार, 'जावईबापू, छान.' मला बाकी काही नको होतं. तेवढा एक शब्द हवा होता, तोही साडूच्या देखत असता तर उत्तम, पण तो गावाला गेला होता.

मी कामाला लागलो. पहिल्या रविवारी कार्ब्युरेटर खोलला आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरून मांडला. साफ करायला गरम पाणी हवं म्हणून एक पातेलं घेतलं. ते दुधाचं होतं, हे मला दुसऱ्या दिवशीच्या चहात कळलं. सगळ्यांनाच कळलं.

"पेट्रोल घातलंत चहात?" बायकोने विचारलं.

"अगं, नाममात्र. लाखात एखादा भाग असेल."

"मग तुम्हीच प्या तो भाग," ती म्हणाली आणि आपला कप माझ्या कपात रिकामा केला.

जेटची भोकं साफ करायला फार बारीक तार लागते. तशी तार घरात एकाच ठिकाणी होती, आमच्या दहावीतल्या कन्येच्या गिटारला. मी एकच काढली, सगळ्यात बारीक, आणि ती नसल्याचं कुणाच्या लक्षात येणार नाही असं मला वाटलं. कन्येच्या लक्षात यायला तीन सेकंद लागले.

"बाबा, तू माझी तार घेतलीस?"

"विज्ञानाच्या कामाला घेतली."

"मग आता माझ्या गाण्यातला तेवढा सूर तू तोंडाने काढ."

घरचा पाठिंबा हा असा. मी सगळे जेट घेऊन मेस्त्रींकडे गेलो. आमच्या भागात जुन्या गाड्या समजणारा हा एकच माणूस उरलाय. साठीचा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी एक जेट त्यांच्या तळहातावर ठेवला.

"हा बघा. हळू वेगात पेट्रोल देतो तो जेट. मी माझ्या ऑफिसच्या तारांनी याचं माप घेतलं. गाडीच्या पुस्तकातल्या मापापेक्षा भोक पाचव्या हिश्शाने लहान आहे. आणि नीट बघा, मूळचं भोक डाख देऊन बुजवलंय आणि त्यातून दुसरं पाडलंय. कुणी केला असेल हा गाढवपणा?"

मेस्त्रींनी जेट उजेडाकडे धरला, बराच वेळ बघितला.

"साहेब, हात फार साफ आहे हो या गाढवाचा."

"हात साफ असून उपयोग काय? माप चुकलं."

"चुकून इतकं सुबक काम होत नाही," मेस्त्री म्हणाले. "गाडी कुणाची होती?"

"सासऱ्यांची. त्यांना कुठल्या तरी मेकॅनिकने फसवलं असणार. बिचारे तीस वर्षं खोकत फिरले."

"मग आधी सासऱ्यांना विचारा. माझं ऐकाल तर याला हात लावू नका. हा खोकला आजार वाटत नाही मला. सवय वाटते."

मी हसलो. मापाचं शिक्षण नसलेल्या माणसाशी काय वाद घालायचा? त्यांच्याकडून योग्य मापाचा नवा जेट घेतला. जुना एका छोट्या पाकिटात घातला आणि आमच्या ऑफिसच्या पद्धतीप्रमाणे वर लिहिलं, 'सदोष नमुना. काम : अज्ञात गाढव.' नोंद पूर्ण असावी, ही माझी शिस्त आहे.

पुढचे तीन रविवार मी काय केलं त्याची वही आहे. तेवीस प्रयोग. जेट बदलायचा, हवेचा स्क्रू पाव फेरा फिरवायचा, गाडी पळवायची, मध्येच बंद करायची, प्लग काढून त्याचा रंग बघायचा. प्लग काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे कमी, बिस्किटासारखा तपकिरी म्हणजे अचूक. प्लग बघून बघून मला बिस्किटं दिसली तरी 'मिश्रण बरोबर आहे' असं वाटायला लागलं होतं. अर्थात बिस्किटं दिसायची ती दुसऱ्यांच्या घरी. मला साखरेचा त्रास सुरू झाल्यापासून आमच्या घरात गोड पदार्थ येत नाही. बायकोनेच तसं जाहीर केलंय, आणि माझ्यासाठी मायलेकींनीही गोड सोडलंय. असा त्याग आजकाल दिसत नाही.

तेविसाव्या प्रयोगाला जमलं. वळण घेतलं, मूठ सोडली, पुन्हा पिळली, आणि काही झालं नाही. खोकला नाही की उचकी नाही. लोण्यातून सुरी जावी तशी गाडी गेली. मला इतका आनंद झाला की मी तेच वळण अकरा वेळा घेतलं. बाराव्या वेळी कोपऱ्यावरच्या शिंप्याने दुकानाबाहेर येऊन विचारलं, "काही हरवलंय का?"

अप्पा यायला अजून सहा दिवस होते. सोमवारी संध्याकाळी मी ऑफिसमधून त्याच गाडीवर घरी आलो, दार उघडंच होतं, आत शिरलो.

समोर बायको. पाय टेबलावर, डोळे टीव्हीवर, आणि मांडीत एक मोठा डबा. डब्यात चॉकलेटची बिस्किटं. तपकिरी, अचूक मिश्रणाची. तिच्या शेजारी कन्या, नाकाच्या शेंड्यावर माझा जुना चष्मा, हातात चमचा, आणि माझ्याच आवाजात सांगत होती, "हे मीठ जे आहे, ते चिमूटभर नाही. चिमूट हे माप नव्हे. कुणाची चिमूट?"

बायको हसून हसून वाकली होती. वाकता वाकता तिला मी दिसलो.

तिचं हसू तोंडातच अडकलं, कन्येचा चमचा पाठीमागे गेला. टीव्हीतल्या बाईसुद्धा गप्प बसल्यासारख्या वाटल्या.

"तुम्ही कसे आलात?" बायकोने विचारलं.

"गाडीवरून."

"मग आवाज का नाही आला?"

"मिश्रण बरोबर झालंय ना आता," मी म्हणालो. आवाज अभिमानाने काढायचा होता, पण नजर डब्यावर होती. "हा डबा कुठे असतो?"

बायकोने झाकण लावून डबा पाठीमागे सरकवला. त्यानंतर घरात जे सुरू झालं ते विचारू नका. बायकोला वाटलं, कन्येने बापाला फितूर होऊन डब्याची बातमी दिली. कन्येला वाटलं, आईने नक्कल करायला लावून मुद्दाम पकडून दिलं. मायलेकी एकमेकींशी बोलेनात. आणि दोघींच्या मते मूळ गुन्हेगार मी, कारण मी पाळत ठेवून होतो.

"अठरा वर्षं संसार केला, आणि आता चोरपावलांनी घरात येता?" बायको म्हणाली.

"अगं, चोरपावलं नाहीत, तो जेट..."

"त्या जेटचं नाव काढू नका."

मंगळवारी मी बाजारात गेलो. गाडी कशी, हवेसारखी. पहिल्याच दुकानासमोर थांबलो. दुकानदार मान खाली घालून माल तोलत होता. सहज त्याच्या तराजूच्या पारड्याखाली हात घातला, तर तिथे लोहचुंबक. पुढच्या दुकानात एक किलोचं वजन उचललं, तर तळाला पोखरलेलं. तिसऱ्या दुकानात मापाच्या भांड्याला खोटा तळ. दुपारपर्यंत एका गल्लीत नऊ. मी घाम पुसला. माझा आदर्श बाजार एका आठवड्यात इतका कसा बिघडला?

उत्तर नवव्या दुकानदाराने दिलं. तो फार हळव्या मनाचा माणूस. पंचनाम्यावर सही करता करता म्हणाला, "साहेब, गाडी विकली का? वळणावर आवाज नाही आला."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तसा प्रकाश कुणाच्या डोक्यात पडू नये. सहा वर्षं वळणावर खॉक् खॉक् फट्ट झालं की अख्खी गल्ली लोहचुंबकं काढून खिशात घालत होती. मी येईपर्यंत सगळे तराजू न्यायदेवतेसारखे उभे. आणि मी दर रविवारी प्रशस्तिपत्रकाला पाणसळ लावत होतो.

साहेबांनी गुरुवारी लेखी खुलासा मागवला. 'सहा वर्षांत शून्य आणि एका मंगळवारी नऊ, हे कसे, याचे स्पष्टीकरण सोमवारपर्यंत सादर करावे.' मी तीन मसुदे केले. तिन्हींत कार्ब्युरेटर आला. तिन्ही फाडले.

आता घरी अबोला, ऑफिसात खुलासा, आणि उरलं काय? रविवार. मी मनाशी म्हटलं, जाऊ दे सगळं. अप्पा एकदा 'छान' म्हणाले की हे सगळं पावलं.

अप्पा सकाळीच आले. पूर्वीसारखेच ताठ, फक्त पायऱ्या चढताना कठड्याला हात. बायकोने आणि कन्येने त्यांच्या देखत अबोला आवरून ठेवला. चहापाणी झालं आणि आम्ही दोघं अंगणात गेलो. मी एका लाथेत गाडी सुरू केली. इंजिन संथ, एका तालात चालायला लागलं.

अप्पांनी मान तिरकी करून ऐकलं. कान अजून तिखट होते त्यांचे. मी मूठ हलकेच सोडली, पिळली. काही नाही. अप्पांचा चेहरा उतरला. मला वाटलं, गहिवरले.

"कार्ब्युरेटर उघडलात," ते म्हणाले.

"उघडावाच लागला अप्पा. तुम्हाला सांगतो, आत कुणी तरी एवढा गाढवपणा करून ठेवला होता! चांगल्या जेटला डाख दिलेला, त्यातून लहान भोक पाडलेलं. ज्याने केलं त्याला इंजिनातलं काही कळत नसणार. असल्या माणसाच्या हातात हत्यार देणाऱ्यालाच धरलं पाहिजे. तुमच्यासारख्या सज्जन माणसाला त्याने तीस वर्षं बनवलं."

"हं," अप्पा म्हणाले.

मग ते गाडीवर बसले. बसताच दहा वर्षांनी तरुण झाले. बायको दारातून ओरडली, "अप्पा, कोपऱ्यापर्यंतच." ते गेले आणि आम्ही तिघं आत आलो.

आत आलो, आणि आता पुढचं सांगताना मला कसंतरी होतंय. कन्या सहा दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी गोड बोलली. "बाबा, अप्पांची नक्कल कर ना. ते येईपर्यंत."

"अहो, नको. येतील ते," बायको म्हणाली, पण तीही गालात हसत होती. माझं घर सहा दिवसांनी हसत होतं. ते मोडणं माझ्याच्याने होईना.

"अगं, वळणावर आले की आवाज येईलच," मी म्हणालो.

हे वाक्य मी म्हणालो. तेवीस प्रयोग करणारा मी.

मी छत्री काठीसारखी धरली, चष्मा नाकावर ओढला, एक हात पाठीशी घेतला आणि खोलीत येरझाऱ्या घालायला लागलो. टेबलाखाली वाकलो, "इथे पत्ते कोण खेळतंय? हं." कपाटामागे डोकावलो, "इथे कोण लपलंय? हं." प्रशस्तिपत्रकासमोर थांबून ते आपादमस्तक न्याहाळलं, "हे तुम्ही मिळवलंत? हं." कन्या सतरंजीवर लोळत होती. बायकोच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी रंगात आलो. गर्रकन दाराकडे वळलो आणि म्हणालो, "आणि जावईबापू, तुम्हाला मी छान म्हणू? हं!"

दारात अप्पा उभे होते.

छत्री माझ्या हातून पडली. ती खाली पडायला नको तेवढा वेळ लागला.

"मुली," अप्पा बायकोला म्हणाले, "अजून एकदा चहा टाक. नातीला बरोबर घे. जावईबापू, तुम्ही जरा बाहेर या."

अंगणात मी अपराध्यासारखा उभा राहिलो. वसतिगृहातल्या मुलांना काय वाटत असेल ते मला वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. अप्पांनी गाडीच्या टाकीवर हात ठेवला.

"गाडी छान झाली आहे," ते म्हणाले. "माझ्याकडे असताना ती इतकी छान कधीच चालली नाही. तुमचा हात मापाचा आहे, हे मान्य."

अठरा वर्षं. मी काहीतरी बोलणार होतो.

"आता जुना जेट परत बसवा," ते म्हणाले.

"अप्पा?"

"ते गाढव मीच."

मी खाली बघायला लागलो. खाली बघण्यासारखं काही नव्हतं, तरी बघत राहिलो.

"रेक्टर झालो त्या वर्षी गाडी आजच्यासारखीच होती," अप्पा म्हणाले. "आवाज नाही काही नाही. एका संध्याकाळी मी तसाच आत गेलो, आणि चार मुलं पत्ते खेळताना सापडली. त्यातला एक दुसऱ्यांदा. नियम कडक होते, त्याला काढावं लागलं. हुशार मुलगा होता हो. घरी गेला तो पुन्हा शिकलाच नाही. मी पकडलं नसतं तर शिकला असता. त्याच आठवड्यात मी जेट काढला."

"आणि डाख दिलात?"

"चार वेळा. पहिल्यांदा खोकला इतका बारीक की टोकाच्या खोल्यांना ऐकू जाईना. दुसऱ्यांदा गाडी वळणावर बंदच पडली. तिसऱ्यांदा सरळ रस्त्यावरही खोकायला लागली. चौथ्यांदा जमलं. तुम्ही माप घेतलंत म्हणता ना? मीही घेतलं होतं. वळणापासून फाटकापर्यंत गाडी अशी चालवायची की बरोबर चाळीस सेकंद लागावेत. चाळीस सेकंदांत पत्ते उचलून पुस्तक उघडता येतं. वीस दिले तर पोरं घाईत जिन्यावर पडतात. साठ दिले तर आणखी एक डाव टाकतात."

मी वजनमापे निरीक्षक. आणि चाळीस सेकंदांचं हे माप माझ्या कुठल्याच वहीत नव्हतं.

"तीस वर्षांत एकही मुलगा सापडला नाही," अप्पा म्हणाले, "म्हणून लोक मला कडक म्हणतात. म्हणू देत. तुमची बायको अभ्यासाच्या पुस्तकात कादंबरी घालून वाचायची. खोकला ऐकला की धपकन मिटायची, आणि पान हरवायचं तिचं. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली की मी अंदाजाने खूण घालून ठेवायचो. तिला वाटायचं, आईने घातली."

एवढं बोलून ते रुमालाने टाकी पुसायला लागले. टाकी मी सकाळीच पुसलेली होती. मला तो म्हातारा त्या क्षणी इतका आवडला की मी वाकून नमस्कारच करणार होतो, पण त्यांनी हात पुढे केला.

"जेट कुठाय?"

मी खिशातून पाकीट काढलं आणि देता देता मला वरची अक्षरं आठवली. उशीर झाला होता. अप्पांनी चष्मा पुसला, मोठ्याने वाचलं, "सदोष नमुना. काम : अज्ञात गाढव." मग खिशातलं पेन काढलं आणि त्यातला 'अज्ञात' एवढाच शब्द रेघ मारून खोडला.

"आत कुणाला सांगू नका," ते म्हणाले. "मुद्दाम आहे हे कळलं की खोकल्याचा उपयोग संपतो."

"पण अप्पा, मग सगळे म्हणतील, मी चांगली चालणारी गाडी बिघडवली."

"म्हणतील."

"पण तुम्ही तरी..."

"मी सगळ्यांच्या आधी म्हणेन," अप्पा म्हणाले आणि पान्हा माझ्या हातात दिला.

वीस मिनिटांत जुना जेट जागेवर बसला. अप्पा पुन्हा फेरीला गेले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा राहून आत बघत होतो. लांब कोपऱ्यावरून आवाज आला, खॉक्, खॉक्, फट्ट! आणि माझी चव्वेचाळीस वर्षांची बायको ताडकन उठली. डबा फडताळात, पदर नीट, केस मागे, समोरचं मासिक उलटं घालून वर वर्तमानपत्र. "अप्पा आले," ती कन्येला म्हणाली, आणि मायलेकी एकमेकींकडे बघून हसल्या. अबोला संपला होता. त्या आवाजाने तिच्या तोंडावर जे आलं, ते मी प्रशस्तिपत्रकाशेजारी फ्रेम करून लावलं असतं.

अप्पा आत आले, खुर्चीत बसले.

"बिघडली गाडी," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मघाशी चांगली होती. जावईबापूंनी पुन्हा हात लावला. जाऊ द्या, त्यांना यातलं फारसं कळत नाही."

"मी सांगत होते," बायको म्हणाली. "एक महिना! माझं दुधाचं पातेलं गेलं, हिची तार गेली, आणि शेवटी होतं तेच!"

मी मान खाली घातली. मान खाली घातली की हसू दिसत नाही.

सोमवारी मी साहेबांना एका ओळीचा खुलासा दिला. 'यापूर्वी तपासणी वाहनाने होत असे. यापुढे ती पायी करण्यात येईल.' साहेबांनी दोनदा वाचला आणि फायलीला लावला. आता मी बाजारात चालत जातो. तराजू सापडतात. प्रशस्तिपत्रक खाली उतरवलंय, त्या खिळ्याला गिटारची नवी तार अडकवलेली असते. घरी मात्र गाडीवरच येतो. एकच अडचण आहे. आमच्या कोपऱ्यापासून दारापर्यंत अठ्ठावीसच सेकंद लागतात. म्हणून खोकला झाला की मी शिंप्याच्या दुकानासमोर थांबतो, हेल्मेटचा पट्टा उगीच काढतो, घालतो आणि बारा मोजतो. शिंपी आता काही विचारत नाही.

तुम्ही म्हणाल, घरात सांगू नका असं अप्पांनी बजावलं, आणि तुम्ही तर सगळं लिहूनच काढलंत. काळजी नको. बायको माझं लिखाण उघडते, पण कार्ब्युरेटर हा शब्द दिसला की पान उलटते, आणि कन्या तर त्याआधीच पसार होते. मी तो पहिल्याच ओळीत घातलाय.